आजीच्या माळेतील रुपयांच्या कड्या काढाव्यात का? जुनी नाणी उजळावीत की आहेत तशी राखावीत?

गोदातीर (प्रश्न)

नमस्कार. आजीच्या पश्चात झालेल्या वाटणीत माझ्याकडे जुन्या नाण्यांचे तीन संच आले आहेत. त्यांचे पुढे काय करावे यावर आमच्या घरात मतभेद आहेत, म्हणून येथील जाणकारांचा सल्ला मागत आहे.

पहिला संच म्हणजे चांदीच्या रुपयांची माळ. तिच्यातले बहुतेक रुपये राणीछाप आहेत. त्यांपैकी बऱ्याच नाण्यांवर १८६२ हे साल आहे, काही १८७७ नंतरची, म्हणजे राणीला सम्राज्ञी म्हणणारी आहेत, दोन सातव्या एडवर्डची आहेत आणि एकावर पाचव्या जॉर्जचा मुखवटा व १९११ हे साल आहे. प्रत्येक रुपयाच्या माथ्यावर चांदीची कडी झाळलेली असून सगळे रुपये लाल दोऱ्यात पटवेकऱ्याकडून गाठवून घेतलेले आहेत. दुसरा संच देवघरातील शिवरायांचा, म्हणजे शिवराई या तांब्याच्या जुन्या नाण्यांचा. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी त्या चिंच आणि मीठ लावून लख्ख घासल्या जात, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे आता बोटाला जेमतेम लागतात आणि त्यांच्या खाचांत कुंकू घट्ट बसले आहे. तिसरा संच माळ्यावरच्या ट्रंकेत कापडी पिशवीत सापडला. त्यातही शिवराया आहेत आणि काही ढब्बू पैसे आहेत. त्यांना कोणी हात लावल्याचे दिसत नाही, परंतु काही नाण्यांवर फिकट हिरवी भुकटी आली आहे आणि ती पिशवीच्या कापडालाही लागली आहे.

धाकट्या भावाचे म्हणणे असे की कड्या काढाव्यात, सगळी नाणी उजळून घ्यावीत आणि मग संग्रह म्हणून नीट मांडावीत. एका व्यापाऱ्याने त्याला सांगितले आहे की कडीमुळे रुपयाची किंमत फार उतरते आणि चांगल्या कारागिराकडून ती काढून जागा भरून घेतली तर कोणाला कळणारही नाही. मामा म्हणतात की आजीने जे घातले, जे पुजले, ते तसेच राहू द्यावे. मला स्वतःला या निमित्ताने नाण्यांची गोडी लागली आहे आणि म्हणूनच प्रश्न केवळ या माळेपुरता उरलेला नाही. एखादी जुनी वस्तू आपल्या मालकीची झाली म्हणून तिच्यात किती बदल करण्याचा अधिकार आपल्याला मिळतो, हे मला समजून घ्यायचे आहे.

टाकसाळ

गोदातीर, आपण आधी विचारले हे फार चांगले केलेत. निर्णय होईपर्यंत कोणतेही नाणे पाण्याने, चिंचेने, रिठ्याने किंवा दंतमंजनाने धुऊ नका आणि कापडाने पुसूही नका.

प्रथम १८६२ च्या रुपयांविषयी, कारण तेथे नुकसान न दिसता होऊ शकते. या रुपयावरचे साल पुढे सुमारे दहा वर्षे बदललेच गेले नाही. नाणी दरवर्षी पाडली जात होती, पण ठशावर साल १८६२ च राहिले. त्याऐवजी मागच्या बाजूला, सालाखाली आणि वरच्या भागात, बारीक ठिपके दिलेले आढळतात आणि त्यांची संख्या व जागा पाहून नाणे साधारण कोणत्या वर्षी व कोणत्या टांकसाळीत पाडले गेले याचा अंदाज अभ्यासक बांधतात. हे ठिपके टाचणीच्या टोकाएवढे आहेत. कापडाला पावडर लावून रुपया चांगला घासला की सगळ्यात आधी तेच सपाट होतात. मग आपल्या हातात चकचकीत रुपया राहतो, पण तो कोणत्या सालचा हे विचारायची सोय राहत नाही. सम्राज्ञीच्या रुपयांवर मुंबई टांकसाळीचे जे बारीकसे बी हे अक्षर असते, तेही कधी उठावदार असते आणि कधी खोलगट, आणि हा भेदही घासण्याने पुसला जातो.

१९११ चा रुपया तर मुद्दाम वेगळा सांभाळावा. त्या वर्षीच्या नाण्यावर राजाच्या अंगरख्यावरील मानचिन्हात हत्ती कोरला होता, परंतु सोंड इतकी आखूड आली की लोकांना तेथे डुक्कर दिसले. त्यावरून नाराजी झाली, तो रुपया मागे घेण्यात आला आणि १९१२ पासून हत्ती सुधारून नवा ठसा वापरला गेला. आपल्या नाण्यावर ती आखूड सोंड भिंगातून अजून स्पष्ट दिसते का, हे पाहा. दिसत असेल, तर उजळण्याच्या नादात ती गोल गरगरीत होऊ देऊ नका.

चांदी काळवंडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे. त्यांच्याशी संयोग होऊन पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो, तो आधी सोनेरी, मग निळसर जांभळा आणि शेवटी काळा दिसतो. हा थर चांदीचाच बनलेला असल्यामुळे तो काढणे म्हणजे थोडी चांदी काढणे. बाजारात काही क्षणांत चांदी पांढरीशुभ्र करणारी द्रावणे मिळतात. ठशाच्या दाबाखाली धातू वाहताना नाण्यावर ज्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात आणि ज्यांच्यामुळे नव्या नाण्याला ती फिरती झळाळी असते, त्या रेषा ही द्रावणे खाऊन टाकतात. परिणामी नाणे पांढरे दिसते, पण निस्तेज. सरावलेली नजर ते हातभर अंतरावरून ओळखते.

आता व्यापाऱ्याच्या सल्ल्याविषयी स्पष्ट बोलतो. कडी काढून जागा भरल्यास कळणार नाही, हे खरे नाही. रुपयाच्या कडेला उभे दाते असतात आणि झाळताना कडीखालचे दाते बुजतात. ते पुन्हा कोरले तर त्यांच्यातील अंतर आणि खोली बाजूच्या मूळ दात्यांशी जुळत नाही, भरलेल्या चांदीचा रंगही वेगळा पडतो. जाणकार ग्राहक अशा नाण्याला दुरुस्त केलेले नाणे म्हणूनच किंमत देतो, आणि ती कडी असलेल्या नाण्याच्या किमतीहून फारशी वर जात नाही. अजाण ग्राहकाला ते न सांगता विकले तर ती सरळ फसवणूक आहे. म्हणजे ज्या लाभासाठी हा खटाटोप करायचा, तो प्रामाणिकपणे मिळतच नाही.

आपल्या मूळ प्रश्नावर माझे मत असे आहे की नाण्याच्या बाबतीत संग्राहकाचा अधिकार जपण्यापुरताच असावा. ते आपल्या आधी दीडशे वर्षे होते आणि आपल्या नंतरही राहणार आहे.

सराफकट्टा

आमच्या घरात तीन पिढ्या सोनारकाम आहे, म्हणून कडी काढताना प्रत्यक्षात काय घडते ते सांगतो.

रुपयाला कडी लावताना कडेचा भाग कानशीने थोडा घासून कोरा करतात, तेथे टाकणखार लावतात, झाळीचा बारीक तुकडा ठेवतात आणि फुंकणीने आच देतात. चांदी उष्णता फार भरभर वाहून नेते, त्यामुळे एका टोकाला आच दिली तरी सगळा रुपया तापवावा लागतो, नाहीतर झाळ पाझरत नाही. या रुपयांत ९१.७ टक्के चांदी असते आणि बाकीचा भाग बहुतांशी तांब्याचा. तापल्यावर पृष्ठभागाजवळचे तांबे हवेने काळे पडते. मग रुपया सौम्य तेजाबात किंवा तुरटीच्या पाण्यात उकळून पांढरा करतात. त्याने वरवरचे तांबे निघून जाते आणि नाण्याला एक खडूसारखा पांढरेपणा येतो. म्हणजे आपल्या आजीच्या रुपयांनी ही सगळी प्रक्रिया एकदा भोगलेली आहेच, आणि कडी काढायची तर तीच आच, तेच तेजाब आणि तीच कानस त्यांना दुसऱ्यांदा भोगावी लागणार. शंभर वर्षे वापरून वर जो शांत राखी रंग आला आहे तो एका फुंकरीत जाईल.

यात एक धोका आणखी आहे. खेड्यापाड्यांतून कड्या नेहमी चांदीच्या झाळीनेच लावलेल्या असतात असे नाही. मधल्या काळात कुठे कडी निघाली असेल, तर ती शिसे आणि कथील यांच्या डाखाने चिकटवून दिलेली आढळते. असा रुपया लाल होईपर्यंत तापवला तर शिसे चांदीत उतरते आणि तेथे खड्डे पडतात. ते नंतर कोणालाही भरून देता येत नाहीत. जोडाचा रंग करडा व मऊसर दिसला, नखाने दाबल्यास ओरखडा उठला, तर तो डाख समजावा आणि त्याच्याजवळ आच नेऊ नये.

माझ्याकडे कोणी अशी माळ आणली तर मी कड्या काढून देत नाही. कारागीर म्हणून ते काम मला येते, तरीही नाही, कारण त्या कडीची बेढब गाठ, तिच्यावरचा कानशीचा माग हेही कोणा सोनाराचे हातकाम आहे, आणि त्या काळच्या खेड्यातल्या सोनारांची कामे आज कोणी वस्तू म्हणून जपून ठेवलेली नाहीत.

माजघर

मी टाकसाळ यांच्या बऱ्याच मतांशी सहमत आहे, परंतु एका ठिकाणी मला त्यांच्याशी वाद घालायचा आहे. ते नाण्याचा विचार टांकसाळीतून बाहेर पडल्याच्या क्षणापासून करतात आणि त्यानंतर घडलेली प्रत्येक गोष्ट त्यांना झीज किंवा डाग वाटते. गोदातीर यांच्या आजींसाठी तो रुपया कधीच अभ्यासाचा विषय नव्हता. बँक नसलेल्या गावात, स्वतःच्या नावावर जमिनीचा तुकडाही नसलेल्या बाईने आपली बचत गळ्यात बाळगली होती. कोणत्या सणाला एक रुपया वाढला, कोणत्या दुष्काळात एक काढावा लागला, हे त्या माळेच्या कमीजास्त झिजलेल्या नाण्यांतून आजही थोडेफार वाचता येते. कडी काढली की तो रुपया पुन्हा सरकारचा होतो, आजीचा राहत नाही.

पुतळ्यांचे, म्हणजे पुतळीच्या माळेतील सोन्याच्या चकत्यांचे, उदाहरण घ्या. व्हेनिसचे सोन्याचे डुकॅट हे नाणे १२८४ पासून पाडले जात होते आणि व्यापाराच्या वाटेने ते आपल्या किनाऱ्यावर आले. त्याच्या एका बाजूला संतासमोर गुडघे टेकलेला शासक आणि दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात उभा ख्रिस्त असतो. आपल्याकडे ही नाणी गळ्यातल्या माळांत गेली, त्यांना कड्या लागल्या आणि मग आपल्याच सोनारांनी तशा चकत्या पाडायला सुरुवात केली. त्यांच्यावरची लॅटिन अक्षरे हळूहळू नुसत्या रेघोट्या झाल्या आणि आकृत्या तेवढ्या उरल्या. १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक संपले, पण पुतळ्यांची माळ आजही लग्नात घातली जाते. शुद्ध नाणे हवे म्हणून कोणी त्या जुन्या डुकॅटांच्या कड्या कापल्या असत्या, तर परक्या समुद्रावरचे नाणे मराठी बाईच्या गळ्यापर्यंत कसे आले याचा डोळ्यांना दिसणारा पुरावाच उरला नसता.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, कुलुपे, फण्या पाहताना मला नेहमी हेच जाणवते की त्या वस्तूंच्या मुठी हातांनी गुळगुळीत झाल्या आहेत म्हणूनच त्या पाहाव्याशा वाटतात.

म्हणून माझे म्हणणे टाकसाळ यांच्यापेक्षा एक पाऊल पुढे जाते. कड्या राहू द्याव्यात, एवढेच नाही, तर माळ घालावीही. दोरा कुजला असेल तर नव्याने गाठवून घ्यावी. एखादी कडी तुटली असेल तर ती पुन्हा लावावी. शिवराया पुढच्या दिवाळीला पूजेत असाव्यात. वापर थांबवून पेटीत बंद करणे हादेखील वस्तूत केलेला मोठा बदल आहे, तो डोळ्यांना दिसत नाही इतकेच.

धातुशोध

मी वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन विभागात काम करते. वरची चर्चा वाचून प्रथम एक तातडीची गोष्ट सांगते आणि मग मतभेदाकडे वळते.

गोदातीर, तिसऱ्या संचातील फिकट हिरवी भुकटी आजच वेगळी करा. तांब्यावरचा हिरवेपणा दोन प्रकारचा असतो. एक कठीण, एकसंध, चमकदार थर असतो. तो तांब्याच्या कार्बोनेटचा असतो आणि त्याच्याखाली बहुधा तांबूस तपकिरी ऑक्साइड असते. हा थर स्थिर असतो, धातूचे रक्षण करतो आणि त्याला हात लावण्याचे काही कारण नाही. दुसरा प्रकार म्हणजे फिकट, भुसभुशीत, स्पर्श करताच बोटाला लागणारी भुकटी. हा क्लोराइडमुळे होणारा क्षय आहे आणि तो चालू असतो. धातूलगत साठलेल्या क्युप्रस क्लोराइडला दमट हवा मिळाली की त्यापासून ही भुकटी तयार होते, त्याबरोबर आम्ल सुटते, ते आम्ल नवे तांबे खाते आणि पुन्हा क्लोराइड तयार होते. हे चक्र आपोआप थांबत नाही. भुकटीखाली खड्डा असतो आणि तो वाढत जातो. त्यामुळे या नाण्यांच्या बाबतीत ‘आहे तसे राहू द्या’ हा सल्ला दिला, तर काही वर्षांत राखण्याजोगे फारसे उरणार नाही.

घरी करण्याजोग्या गोष्टी अशा: भुकटी आलेली नाणी बाकीच्यांपासून दूर ठेवा. मऊ, कोरड्या कुंचल्याने सैल भुकटी पांढऱ्या कागदावर झाडा, पण खरवडू नका. ही भुकटी नाकातोंडात जाऊ देऊ नका. मग घट्ट झाकणाच्या डब्यात वाळवलेल्या सिलिका जेलसह नाणी ठेवा. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर ही क्रिया जवळपास थांबते. महिनाभराने पाहा. नवी भुकटी आली नसेल तर कोरडेपणा पुरेसा ठरला आहे. आली असेल तर प्रयोगशाळेत बेंझोट्रायाझोल या क्षयरोधक रसायनाचा उपचार करावा लागतो. ते रसायन विषारी असल्यामुळे घरी वापरू नये. आपण नाशिकच्या बाजूचे दिसता, तर अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेत नाणी दाखवून ओळख पटवून घेता येईल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचे दालन आहे आणि संवर्धन केंद्रही आहे, तेथे उपचाराविषयी विचारता येईल.

चिंच आणि मीठ यांनी तांब्याचे नेमके काय होते हे येथे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. चिंचेतील आम्ल तांब्यावरचा रक्षक थर विरघळवते आणि मीठ नेमके तेच क्लोराइड आणून देते, ज्याच्यामुळे हा क्षय सुरू होतो. घासून झाल्यावर नाणे कितीही धुतले तरी अक्षरांच्या कोपऱ्यात थोडे मीठ राहतेच. देवघरातील शिवराया अजून बऱ्या असतील, पण पावसाळ्यात त्यांच्यावर लक्ष ठेवा. शिवराई मराठेशाहीत आणि त्यानंतरही दीर्घकाळ पाडली जात होती. तिच्यावरच्या अक्षरांची वळणे आणि लेखनातील फरक यांवरूनच तिचे प्रकार ओळखले जातात, म्हणून अक्षर झिजले की नाण्याची ओळखच जाते.

आता मतभेदाविषयी. माझ्या कामात आम्ही कोणत्याही उपचाराआधी स्वतःला दोन प्रश्न विचारतो: हा बदल केला नाही तर वस्तू नष्ट होईल का, आणि हा बदल पुढच्या माणसाला परत काढता येईल का. कडी काढण्याला या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे येते, म्हणून मी ती काढणार नाही. क्षय थांबवण्याला पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे येते, म्हणून मी तेथे हस्तक्षेप करीन, दुसऱ्याचे उत्तर समाधानकारक नसले तरीही. नाजूक धातूवर आम्ही जो ॲक्रिलिक रेझिनचा पातळ लेप देतो, तो ॲसिटोनने पुन्हा उतरवता येतो म्हणूनच निवडलेला असतो. माजघर यांचे वापराविषयीचे म्हणणे मला पटते, परंतु आजीने घासल्यामुळे आलेली झीज आणि आता सगळे ठाऊक असूनही आपण आणलेली झीज यांना मी एका मापाने मोजणार नाही. आजींना दुसरा उपाय माहीत नव्हता.

पूजा थांबवण्याची मुळीच गरज नाही. ताम्हनात तांदळाची रास करून तिच्यावर विड्याचे पान ठेवावे, पानावर नाणे ठेवावे आणि हळदकुंकू पानाच्या कडेला वाहावे. पंचामृत मात्र नाण्यावर घालू नये, दह्यातील आम्ल तांब्याला बाधते. खाचांत बसलेले जुने कुंकू कोरडे असेल तर ते काढू नका. त्याने नाण्याचे काही बिघडत नाही आणि ही शिवराई पुजली जात होती हे सांगणारी तेवढीच खूण तिच्यावर आहे.

टाकसाळ

माजघर यांचा मुद्दा मी मान्य करतो. कडी हा त्या रुपयाच्या इतिहासाचा भाग आहे, डाग नव्हे, आणि पुतळ्यांचे उदाहरण निर्विवाद आहे. तरीही माळ घालण्याबाबत माझा विरोध कायम आहे. माळेतील रुपये एकमेकांवर आपटतात, प्रत्येक वेळी घाम लागतो, अत्तर लागते, आणि घरातल्या एका लग्नात जेवढे ओरखडे उठतात तेवढे पेटीत वर्षानुवर्षे उठत नाहीत. निदान १९११ चा रुपया आणि ज्यांवर ठिपके स्पष्ट आहेत असे १८६२ चे रुपये यांची छायाचित्रे दोन्ही बाजूंनी, तिरप्या उजेडात, आधी काढून ठेवावीत. प्रत्येक रुपयाचे वजनही नोंदवावे. पूर्ण वजनाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो. कडीमुळे वाढ आणि झिजेमुळे घट धरूनही वजन फारच वेगळे आले तर ते नाणे बनावट असण्याची शंका घ्यावी. माळांमध्ये जत्रेतल्या चकत्याही मिसळलेल्या असतात.

गोदातीर

सर्वांचे मनापासून आभार. वरचे सगळे मी भावाला आणि मामांना वाचून दाखवले. हिरवी भुकटी आलेली नाणी त्याच दिवशी वेगळ्या डब्यात ठेवली. कड्या काढायच्या नाहीत यावर आता घरात एकमत आहे. सराफकट्टा यांनी सांगितल्याप्रमाणे जोड तपासले, तेव्हा दोन कड्यांचा जोड करडा आणि मऊ निघाला. म्हणजे त्या रुपयांना तापवले असते तर काय झाले असते, हे भावाला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

परंतु दोन प्रश्न उरले आहेत. भावाला त्याच्या वाट्याची रक्कम खरोखरच हवी आहे आणि त्यात त्याची काही चूक नाही. माळेतील काही रुपये कडीसकट विकले तर माळ मोडणे हा बदल ठरेल का? दुसरे असे की माळेचा दोरा दोन ठिकाणी विरला आहे आणि कधीही तुटेल, तो बदलावा का?

धातुशोध

माळ मोडणे हा बदल आहेच, आणि माझ्या मते कड्या काढण्याहून तो मोठा आहे, कारण रुपये सुटे कोठेही मिळतील, पण हा क्रम, ही निवड पुन्हा मिळणार नाही. शक्य असेल तर भावाच्या वाट्याची रक्कम आपण द्यावी आणि माळ अखंड ठेवावी. ते शक्य नसेल तर आधी माळ सपाट कापडावर पसरून तिचे संपूर्ण छायाचित्र घ्यावे, डावीकडून क्रमांक देऊन प्रत्येक नाण्याची नोंद करावी आणि मगच विक्रीचे पाहावे. साठवण्यासाठी पीव्हीसीच्या मऊ पाकिटांचे अल्बम वापरू नयेत, त्यांतून सुटणारे द्रव्य नाण्यावर हिरवट चिकट थर आणते. पॉलिएस्टरची पाकिटे चालतात. रबराचे बंद आणि लोकरीचे कापड चांदीजवळ ठेवू नये, दोन्हींत गंधक असतो.

टाकसाळ

विकायचेच झाले तर ज्यांवरचे ठिपके व अक्षरे आधीच झिजलेली आहेत असे रुपये निवडावेत आणि कडी व जोड यांविषयी ग्राहकाला लेखी सांगावे. १९११ चा रुपया शक्यतो घरातच राहू द्यावा. हेही लक्षात असू द्या की १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशातल्या ग्राहकाने कितीही मोठी रक्कम देऊ केली तरी तो विचार सोडून द्यावा.

सराफकट्टा

दोरा बदलण्यात काही गैर नाही. माळेचे दोरे आजीच्या हयातीतही बदलले गेले असणार, कारण सुती दोरा इतकी वर्षे रुपयांचे वजन पेलत नाही. फक्त जुना दोरा कापताना रुपये ओघळून खाली पडू नयेत म्हणून माळ जाड कापडावर ठेवून एका टोकाकडून एकेक गाठ सोडवावी. पटवेकऱ्याला आधीच सांगावे की दोन रुपयांमध्ये एक घट्ट गाठ आणि रेशमाचा छोटा मणी घालून दे, म्हणजे नाणी एकमेकांवर घासणार नाहीत, आणि टाकसाळ यांची अर्धी काळजी मिटेल. डाखाच्या जोडाच्या ज्या दोन कड्या आहेत त्यांच्यावर भार येऊ देऊ नये, त्या रुपयांना कडीतून दोरा ओवण्याबरोबरच बाजूने रेशमाची बारीक जाळी विणून घ्यावी. हे काम करणारे पटवेकरी आता थोडे उरले आहेत, पण सराफबाजाराच्या मागच्या गल्लीत विचारलेत तर सापडतील. माळ एखाद्या माणसाबरोबर पाठवून देऊ नका, स्वतः घेऊन जा आणि काम होईपर्यंत तेथे बसा.